पुन्हा उभं राहायला जमीन लागते

संकटातून उठलेल्या माणसाकडे पाहिलं की आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘काय खंबीर आहे हो!’ कौतुक मनापासूनचं असतं. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं. उभं राहण्याचं बळ माणसाच्या रक्तात किंवा स्वभावात आधीच साठवलेलं असतं, ज्याच्यापाशी ते आहे तो तरतो आणि ज्याच्यापाशी नाही तो खचतो, असं आपण मानून चालतो. गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्रानं या समजुतीची कसून उलटतपासणी केली आहे. महाराष्ट्रानं तर दुष्काळ, भूकंप, शेतकरी आत्महत्या आणि कोरोना यांतून तिची परीक्षा प्रत्यक्ष भोगली आहे. हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर मला एक गोष्ट ठळक दिसते. माणसात बळ असतं, पण ते तगतं त्याच्या भोवतालावर: डोक्यावरचं छप्पर, हाताला काम, कागदावर नाव, शेजार आणि ऐकून घेणारं कुणीतरी. हा भोवताल काढून घेऊन माणसाकडून खंबीरपणाची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

किल्लारीपासून सुरुवात करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूगर्भशास्त्राच्या मापानं हा महाभयंकर भूकंप नव्हता. सहाच्या थोडी वर तीव्रता होती. माणसं मेली ती घरांमुळे. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यान्‌पिढ्या भरवशाचं. तेच झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

त्यानंतर जे घडलं त्याचे दोन भाग पडतात. जी ५२ गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली होती ती नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते आखले गेले, सरळ रेषेत घरं उभी राहिली. घराचं आकारमान ठरलं ते मात्र भूकंपाआधीच्या जमिनीवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपानं सगळ्यांना सारखं उघड्यावर आणलं होतं, पण पुन्हा उठताना कुणाला किती जागा मिळणार हे जुन्या सातबाऱ्यानं ठरवलं. ‘आपत्ती सगळ्यांना समान करते’ असं म्हणणाऱ्यांनी हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. शिवाय नव्या गावांत जुन्या गल्ल्या राहिल्या नाहीत. ओसरीवर बसून समोरच्या दारातल्या माणसाशी बोलता येण्याची सोय सरळ रस्त्यांच्या आखणीत हरवली, आणि अनेकांचं शेत घरापासून लांब पडलं.

दुसरा भाग याहून कमी चर्चिला गेला आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. जी गावं जागेवरच राहिली, तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. पैसा हप्त्यांनी मिळणार होता, काम घरमालकानंच करून घ्यायचं होतं. कुठल्या भिंतीला काय करायचं, सिमेंट किती, गवंडी ऐकत नसेल तर काय, हे गावागावात कोण सांगणार? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं हे काम महिला मंडळांकडे दिलं. बाराशेहून अधिक गावांत बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरातला, गल्लीतला मृत्यू पाहिलेल्या या बायकांपैकी बहुतेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरीही चढलेली नव्हती. त्या आता अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या, गवंड्याचं काम तपासू लागल्या, बचत गट चालवू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिथल्या बायकांना सोबत करायला गेल्या. त्यांच्या दुःखावर समुपदेशकानं उपचार केले आणि मग त्या कामाला लागल्या, असा हा क्रम नव्हता. जबाबदारी आली, ती निभावताना चार जणी भेटल्या, आणि त्यातून जगण्याला पुन्हा धरबंध आला.

आता संशोधनाकडे. या विषयातला सगळ्यांत प्रसिद्ध अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. यांतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं फार कठीण परिस्थितीत वाढत होती: गरिबी, दारू, आईबापांचे मानसिक आजार, मोडलेली घरं. त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांना पुढे शाळेत, वागण्यात, कायद्याच्या बाबतीत अडचणी आल्या. उरलेली एक तृतीयांश मात्र सक्षम, मायाळू, कामसू तरुण झाली. याच एक तृतीयांश मुलांमुळे अभ्यास गाजला. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव लहानपणापासून लाघवी होता, हे खरं. पण जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं होतं, जे त्या मुलाला धरून होतं. आजी, आत्या, शेजारीण, एखादे गुरुजी.

त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष भाषणांत क्वचितच सांगितला जातो. अठराव्या वर्षी ‘वाया गेली’ असा शिक्का बसलेल्या मुलांपैकी बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली होती. कुणाला प्रौढ शिक्षणाचा वर्ग मिळाला, कुणाला सैन्यात नोकरी, कुणाला स्थिर जोडीदार, कुणाला धर्ममंडळीचा आधार. दुसरी संधी मिळाली तेव्हा ती माणसं उठली. म्हणजे न उठलेल्यांकडे पाहताना ‘यांच्यात दमच नव्हता’ असा निकाल देण्याआधी त्यांना दुसरी संधी मिळाली होती का, हे विचारायला हवं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि मुलांचं तगून राहणं ही असामान्य गोष्ट नाही, असं मांडलं. साधीसुधी माणसं, साधी घरं, बरी शाळा एवढं शाबूत असलं तर बहुतेक मुलं तग धरतात. खरा धोका या साध्या गोष्टीच मोडून पडण्यात असतो. किल्लारीनंतर ‘भारतीय जैन संघटने’चे शांतिलाल मुथ्था बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला घेऊन आले, त्यामागे हीच समज होती, मग सिद्धान्ताचं नाव त्या वेळी कुणी घेतलेलं असो वा नसो.

प्रौढांबद्दल मात्र एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ मध्ये दाखवलं की जोडीदाराचा मृत्यू किंवा जिवावरचा प्रसंग यांनंतरही बहुतेक माणसांचं रोजचं जगणं फार न ढासळता चालू राहतं. दुःख असतं, पण माणूस मोडत नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा होता आणि तो जगभर उचलला गेला. २०१६ मध्ये इन्फर्ना आणि लूथर यांनी त्याच प्रकारची आकडेवारी वेगळी सांख्यिकी गृहीतकं घेऊन तपासली. तेव्हा ‘न ढासळणाऱ्यांचं’ प्रमाण खूप खाली आलं आणि आधी ढासळून मग हळूहळू सावरणारेच जास्त निघाले. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे. सावरायला वेळ लागणं हेच सर्वसाधारण आहे असं मान्य केलं, तर तेराव्यानंतर महिन्याभरात ‘आता बास, पोरांकडे बघ’ असं सांगणारे नातेवाईक थोडे थांबतील.

आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून ‘काय पाहिलंस, काय वाटलं, सगळं सांग’ असं एकाच बैठकीत मोकळं करून घेण्याची पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगभर रूढ होती. २००२ मधल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित छाननीत, तिचा उपयोग दिसला नाही, काहींना उलट त्रास झाल्याचं आढळलं, आणि ती सक्तीनं करणं बंद करावं अशी शिफारस झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तीनच गोष्टी सांगते: पाहा, ऐका, जोडा. म्हणजे कुणाला काय हवंय ते बघा, बोलेल तेवढंच ऐका, आणि त्याला त्याच्या माणसांशी, रेशनशी, दवाखान्याशी जोडून द्या. दारावर गेलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक होतं. ती फार बोलत नसत; भाकरी घेऊन येत आणि बसून राहत.

संकटानं माणूस मोठा होतो का? १९९० च्या दशकात टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरच्या वाढीची कल्पना मांडली आणि ती मोजण्याची प्रश्नावलीही तयार केली. लोक सांगतात की दुःखानंतर नाती घट्ट झाली, जगण्याची किंमत कळली. ते खोटं बोलत नाहीत. पण २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघाताच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी केली, तेव्हा त्यांना वाटणारी वाढ आणि त्यांच्यात प्रत्यक्ष झालेला बदल यांचा मेळ बसला नाही. आपण वाढलो असं वाटणं हा दुःखाला अर्थ देण्याचा मार्ग असतो, आणि ज्याचं दुःख त्याला तो अधिकार आहे. तो अधिकार इतरांना नाही. दुसऱ्याच्या संकटाला ‘यातून तू घडशील’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

संकटच माणसाला घडवतं या समजुतीला आपल्याकडे चरित्रांमुळे बळ मिळतं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. चोविशीच्या आत-बाहेरची ही बाई तान्ह्या मनोरमेला घेऊन उभी राहिली. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, पुढे केडगावचं मुक्तिसदन. तेजस्वी आयुष्य आहे हे, त्यात शंका नाही. पण नीट वाचलं तर त्यातला प्रत्येक आधार दिसतो. मुलीला संस्कृत शिकवण्यासाठी समाजाचा रोष पत्करणारे अनंतशास्त्री आणि स्वतः लेकीला शिकवणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या. तिच्या विद्वत्तेचा सन्मान करणारं कोलकाता होतं. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये स्थापन झालेली, शारदासदनाचा खर्च उचलणारी रमाबाई असोसिएशन होती. रमाबाईंना हे पक्कं कळलं होतं. म्हणून तर १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या तेव्हा त्यांना राहायला जागा, शिक्षण आणि हाताला कसब दिलं. नुसत्या धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. सिंधुताई सपकाळांचंही तसंच. पोटातल्या बाळासह घराबाहेर काढल्या गेलेल्या बाईनं जे स्वतःला मिळालं नव्हतं ते घर शेकडो मुलांसाठी उभारलं. आपण मात्र त्यांच्या आयुष्यातून ‘हिंमत’ तेवढी उचलतो आणि घर विसरतो. ज्या सिंधुताई झाल्या नाहीत, ज्या विहिरीच्या काठावरून परत आल्या नाहीत, त्यांची चरित्रं लिहिली जात नाहीत. त्यांच्यात हिंमत कमी होती असं मानायला माझं मन धजत नाही.

माणूस कशाच्या आधारानं उभा राहतो या प्रश्नाला महाराष्ट्रानं दिलेलं सगळ्यांत मोठं उत्तर १९७२ च्या दुष्काळातलं आहे, आणि त्याची आठवण अजून हजारो घरांत जिवंत आहे. अमेरिकेहून आलेला लाल मिलो, सुकडी, खडी फोडून सोलवटलेले हात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. पिकं सलग बुडाली, गुरं गेली, माणसं वाळली. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत झाला तसा माणसांचा संहार झाला नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा सविस्तर अभ्यास केला आहे आणि मोठ्या प्रमाणावर काढलेली रोजगाराची कामं हे त्याचं मुख्य कारण मानलं आहे.

या कामांमागचा विचार दुष्काळाच्या आधीचा होता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग केला. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी लागणारा पैसा शहरांतल्या पगारदारांकडून व्यवसाय कराच्या रूपानं घेतला गेला. आजही पगाराच्या पावतीवर तो कर दिसतो. कशासाठी सुरू झाला हे फारसं कुणाला आठवत नाही. देशातल्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याची प्रेरणा महाराष्ट्राचा हाच कायदा होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात खडी फोडणारी बाई खंबीर होती, यात वाद नाही. पण संध्याकाळी हातात पडणारी मजुरी नसती तर तिच्या खंबीरपणाचं काय झालं असतं, याचं उत्तर १८७६-७८ च्या दुष्काळानं देऊन ठेवलं आहे.

पैशाचा आणि मनाचा संबंध आता मोजूनही दाखवता येतो. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना टप्प्याटप्प्यानं लागू झाली. जिथं ती पोहोचली तिथं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं २०१९ मधल्या अभ्यासात दिसलं. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी मदतीचा परिणाम अधिक होता. विदर्भ-मराठवाड्यात हे वाचणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

मन नुसत्या पैशानं सावरत नाही, हेही तितकंच खरं. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ नसतात, मग काय करायचं? यावर जगानं दखल घ्यावी असं काम गोव्यात झालं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या ‘संगत’ या संस्थेनं स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी ते सहा ते आठ वेळा भेटून बोलत. भर होता कृतीवर: बंद पडलेल्या लहानलहान गोष्टी पुन्हा सुरू करणं. सकाळी फिरून येणं, बाजारात जाणं, बहिणीला फोन करणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी यांतले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. मन ठिकाणावर आलं की माणूस कामाला लागेल असं आपण समजतो. इथं आधी काम सुरू झालं आणि मन मागून आलं.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताण, झोप, दारू, कर्ज यांबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चार जणांनी मदत घेतलेली होती. दीड वर्षानं ते प्रमाण २७ वर गेलं, आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. लोकांना मदत नको असते, लाज वाटते, असं म्हणण्याआधी त्यांच्या दारापर्यंत कुणी गेलं होतं का हे विचारावं. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. हा क्रमांक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर, बँकेच्या काउंटरवर आणि बाजार समितीच्या फाटकावर रंगवलेला असायला हवा.

शेजाराबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ऑल्ड्रिच यांनी जपानमधल्या कोबेचा १९९५ चा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांचा अभ्यास करून दाखवलं की जिथं माणसांचे आपसांतले बंध घट्ट होते ती गावं लवकर सावरली. पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याच घट्ट बंधांनी दलितांना, विधवांना मदतीच्या यादीबाहेर ठेवलं. गाव एक असतं तेव्हा ते कुणाला बाहेर ठेवून एक आहे, हेही पाहावं लागतं. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणारी, कुंकू पुसणारी माणसंही शेजारचीच, नात्यातलीच असतात. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. कोरोनात तरुण बायका मोठ्या संख्येनं एकट्या पडल्या होत्या. हेरवाडच्या ठरावानं कुणाला पैसा दिला नाही की घर दिलं नाही. दुःखाच्या पहिल्याच दिवशी जे हिरावून घेतलं जात होतं ते घेणं थांबवलं, आणि मला ते फार मोठं काम वाटतं.

हा सगळा विचार जिथं येऊन अडतो ती जागा म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं घर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात शेतीशी निगडित ११,२९० जणांनी आत्महत्या केली, त्यांतले ४,२४८ महाराष्ट्रातले होते. मागे राहिलेल्या बाईला एक लाख रुपये मिळतात, तेही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा, सगळं कागदावर सिद्ध करून. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं असेल, तर तिची धावपळ सुरू होते. त्यात शेत ती आधीपासून कसतच होती. फक्त तिला शेतकरी म्हणून कुणी मोजलं नव्हतं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये अशा ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर शेतजमिनीचा हक्क लागलेला नव्हता. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विम्याचा दावा नाही, नुकसानभरपाई नाही. पुढच्या हंगामात ती उभी राहिली नाही तर तो तिच्या मनाचा दुबळेपणा म्हणायचा का?

वारसनोंदीसाठी गाव नमुना ६-क आहे, तलाठ्याकडे अर्ज करायची सोय आहे, ऑनलाइन अर्जही भरता येतो. पण मृत्यूनंतरच्या पहिल्या महिन्यांत, सासरी वाटणीची कुजबुज चालू असताना, तो अर्ज करायला तिला घराबाहेर कोण पडू देणार? ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली की ती तलाठ्याकडे आपोआप जावी, वारसनोंदीचं काम अर्जाची वाट न पाहता सुरू व्हावं, आणि चौकशीला तलाठ्यानं तिच्या दारी जावं. आत्महत्याग्रस्त कुटुंबांपासून ही सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश पुरेसा आहे.